लोखंडी रथ

गोंयचो सायब, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, त्याच्या फेस्ताला जुन्या गोव्याला पायी जायला सावंतवाडीहून निघालो तेव्हा एकवीस जण होतो. बांदा, पत्रादेवी... डोळ्यांसमोर नुसतं डांबर येतं. पुढच्या टेम्पोवर क्रूस आणि कर्णा. त्यावरून आमचे पुढारी काका जपमाळ संपली की बायबलच्या लूकमधलं तेच वचन सांगायचे, देवाला काहीच अशक्य नाही. चौथ्यांदा ऐकल्यावर मी मनात म्हटलं, काका, कधी जुन्या करारातलं शास्तेही उघडा. पहिलाच अध्याय. परमेश्वर यहूदाच्या वंशाबरोबर होता, डोंगरी मुलूख त्यांनी घेतला, पण तळातल्या लोकांना घालवता आलं नाही, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. हायवेचे ट्रेलर कानाजवळून जात होते. मला ते वचन पटलं.

गेल्या वर्षी आईसाठी चाललो होतो. फेब्रुवारीत ती गेली. यंदा कशाला, असं बायकोनं विचारलं, तर मी पिशवी भरत राहिलो.

धारगळच्या अलीकडे उजव्या टाचेचा फोड बुटाला घासून फुटायला आला. सगळे पुढे गेले. पंक्चरच्या टपरीपाशी टेकलो.

"बसा माऊली."

माणूस बार्शीकडचा. म्हटलं, "मी ख्रिस्ती आहे हो."

"असू द्या. फोडाला काय कळतंय?"

त्यानं लायटरवर सुई धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्हीकडे बोटभर सोडून कापला. "दोरा आतच राहू द्या. पाणी निथळतं, कातडी राहती." मग उठून एका स्कूटीचं चाक काढायला गेला. ट्यूब पाण्यात दाबत, बुडबुडे शोधत म्हणाला, "दोनदा गेलोय पंढरीला. तिसऱ्यांदा गुडघ्यानं लोणंदातनं परतलो."

"मग?"

"मग काय? इठ्ठल कुठं पळून जातोय?"

याकोब रात्रभर देवाशी झुंजला, पहाटे आशीर्वाद मिळाला आणि लंगडाही झाला. दोन्ही एकाच हातानं. प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर. पौलानं निदान मोजलं होतं. आईसाठी मी किती वेळा मागितलं, कोण जाणे.

बूट घालवेनात. त्यानं स्वतःच्या चपला पुढे सरकवल्या. "मला इथंच बसायचंय."

वाटेत काका मागे आले. "श्रद्धा कमी पडते तुझी." मी म्हटलं, "काका, टाच कमी पडते." संध्याकाळी त्यांनीच माझी पिशवी घेतली.

कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मांडवी, रायबंदरचा बांध.

३ डिसेंबरला बॉम जीझस चर्चपाशी रांग हलेना. कोंकणी मिस्सा अर्धी कळली. सायबाच्या शवाची चांदीची पेटी लांबून दिसली, तीही कुणाच्या तरी खांद्यावरच्या पोरामुळे अर्धीच. सायबाचा उजवा हात १६१४पासून रोमला. अख्खा गोंयचो सायब त्या पेटीतही नाही. चीनला न्यायला होडी येईल म्हणून किनाऱ्याजवळच्या बेटावर वाट बघत १५५२ साली गेला, वय ४६. आणि आम्ही त्याच्याकडे मागायला येतो! मला अचानक तो फार जवळचा वाटला. काहीच मागितलं नाही. आईचं नाव तेवढं घेतलं.

परतीची एसटी धारगळला थांबली नाही. कंडक्टरशी भांडलो, उपयोग झाला नाही. खिडकीतून टपरी दिसली, तो चाकावर वाकलेला, अनवाणी. चपला माझ्याकडेच आहेत. उजवीचा अंगठा सैल झालाय, शिवून घ्यायला हवा.