तिथी बघून चालणं: दिवाळी ते वैशाख

दिवाळीनंतर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, चालायला लागलो. त्याआधी दिवसभर खुर्ची, रात्री मोबाईल, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी स्कूटर. आता वैशाख सरत आलाय, म्हणून चालणाऱ्या मंडळींसाठी ही नोंद.

माझं वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं. जुना हिशोब बहुतेकांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला भरती 3 वाजता, म्हणजे ओहोटी 9 च्या सुमारास. अर्धाएक तास इकडेतिकडे होतो, पण चालणाऱ्याला एवढा अंदाज पुरतो. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पंधरवड्याची वाटणी आपोआप होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी सकाळ-संध्याकाळी मिळते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही खूप आत गेलेलं असतं. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी. ते दिवस रत्नदुर्ग किल्ल्याच्या चढाचे. एकाच प्रकारच्या चालण्याचा कंटाळा येत नाही, मला तर ही वाटणी फार आवडते.

वाळू कुठली निवडायची, हे महत्त्वाचं. सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूत पाय रुततो आणि टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. नवख्याने तिथे हट्ट धरू नये, पोटऱ्या भरून येतात. पाण्याच्या अगदी कडेलाही नको. बारीक कुर्ल्यांनी बिळाभोवती वाळूच्या इवल्या गोळ्या मांडून ठेवलेल्या दिसतात ना, तो पट्टा धरायचा. पाणी हटून थोडा वेळ झालेला असतो, वाळू ओली पण घट्ट असते, टाच जेमतेम उमटते. वरच्या बाजूला पुळण उतरती असते, तिथे एक पाय सतत खाली पडतो आणि घोटा दुखायला लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही. तेवढं आता होतं. गडावरच्या भगवतीच्या देवळापर्यंत पूर्वी थांबत थांबत जायचो, हल्ली बायकोशी गप्पा मारत वर पोचतो. रात्रीची शतपावलीही सोडत नाही. जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते थेट वापरतात. घामाच्या दिवसांत मात्र वेग कमी ठेवतो. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. आल्यावर मीठ घालून कोकमाचं सरबत घेतो.

पाऊस लागला की पुळण बंद, खवळलेल्या समुद्राजवळ जायचं नाही. पडवीत सूर्यनमस्कार आणि बैठका, विहिरीचं पाणी रहाटाने. आठवड्यातून 2 दिवस ताकदीचा व्यायामही हवाच, तो यातून होईल. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा भाट्ये. तोवर गडाचा चढ चालू ठेवायचाय, तर शेवाळलेल्या चिऱ्यावर कुठल्या तळव्याचे बूट पकड घेतात, हे पावसात चालणाऱ्यांनी जरूर सांगा.