जोरात पिळता ना?

"नळ जोरात पिळता ना?" हार्डवेअरवाले काका मी नेलेलं जुनं वायसर बोटांत फिरवत म्हणाले.

रबरावर गोल खाच पडली होती, वाटीची कड कणकेत उमटावी तशी. मी उगाच ओशाळलो.

रात्रभरात मोरीतल्या नळाखालची बादली अर्धी भरली होती. प्लंबर तीन दिवस "आलोच" म्हणतोय. शेवटी गच्चीवरचा कॉक बंद केला (हे आधी करायचं असतं, बाबांनी एकदा नखशिखांत भिजून शिकवलंय), पान्ह्याने नळाची मान सोडवली, स्पिंडल, म्हणजे नळाबरोबर फिरणारा आतला दांडा, बाहेर काढला. त्याच्या टोकाला हे झिजलेलं रबर.

नवं वायसर पाच रुपयांचं. काम पंधरा मिनिटांचं, त्यातली दहा पान्हा शोधण्यात गेली.

पण काकांचं वाक्य डोक्यातून जाईना. नळ गळायला लागला की आपण आणखी जोर लावतो, रबर आणखी चेपतं, आणखी गळतं. घरातला प्रत्येक जण जाता-येता एक पीळ देत होता. मीसुद्धा.

आता दोन बोटांनी बंद होतो. संध्याकाळी आईने हात धुतले आणि सवयीने नळ गच्च पिळला.

तिला कुणी सांगायचं?