आओराकीच्या पायथ्याशी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची आम्हा दोघांची भटकंती निवांत चालू आहे, पण आजच्या दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

सकाळी टेकापोहून निघालो. पुकाकी तळं दिसलं आणि ह्यांनी गाडी बाजूलाच घेतली. काय तो दुधाळ निळा रंग! हिमनद्या सरकताना खालचा खडक पिठासारखा दळतात, ती भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यावरून उजेड विखुरतो. कारण ठाऊक असूनही नजर हटत नव्हती. पलीकडच्या टोकाला आओराकी, म्हणजे माउंट कुक. ३७२४ मीटर उंचीचा डोंगर आणि शिखरावर ढगाचा पुंजकाही नाही. याची दक्षिण धार १९४८ मध्ये पहिल्यांदा चढणाऱ्यांत एडमंड हिलरी होते, एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी.

दुपारी टास्मान हिमनदी बघायला पायऱ्या चढलो. ह्यांचा गुडघा कुरकुरत होता, तरी थांबत थांबत गेलो. वरून दिसलं करडं तळं आणि त्यात तरंगणारे हिमखंड. १९७०च्या दशकाआधी हे तळं नव्हतंच! वितळलेल्या बर्फाची डबकी एकत्र येऊन ते झालं आणि हिमनदी मागे हटते तसं वाढतंच आहे. म्हणजे वयाने आमच्याहून लहान. इतकं देखणं दृश्य, पण पोटात कालवलं. हे तर म्हणाले, "नातवंडांना लवकर आणायला हवं."

कोणी येणार असाल तर या भागाला एका रात्रीत उरकू नका. निदान तीन रात्री ठेवा. २०१२ पासून हा परिसर काळोख्या आकाशासाठी राखीव आहे, त्यामुळे अमावास्येच्या आसपास आलात तर फारच उत्तम.