दोन बोटांचे लढवय्ये, सावंतवाडीहून : आमची वाटचाल

सावंतवाडीत खेळणं म्हटलं की कुणीही चितारअळीकडे बोट दाखवतो. आमचं दुकान त्याच गावात, पण आमच्याकडे लाकडी फळं किंवा गंजिफा नाहीत. आमच्याकडे तलवार उपसलेले एल्फ, ढालीमागे दडलेले ड्वार्फ, गॉब्लिनांच्या टोळ्या आणि वर्षातून चार-पाच वेळा एखादा ड्रॅगन असतो. या सगळ्या कल्पित जिवांच्या फिगर, म्हणजे खेळात मांडायच्या छोट्या मूर्ती, उंचीला दोन बोटं, ड्रॅगन तेवढा सोडून. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं आणि बंगळूरचं. गावातल्या बऱ्याच लोकांना अजून वाटतं की आम्ही केकवरच्या बाहुल्या करतो.

हा माल कशासाठी लागतो ते आधी सांगतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. यात प्रत्येक खेळाडू एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो. त्याची मुळं छोट्या सैनिकांच्या फिगर मांडून खेळायच्या युद्धखेळांत होती, म्हणून फिगर या खेळाला पहिल्यापासून चिकटून आहेत. टेबलावर चौकटींचा नकाशा असतो. एक चौकट म्हणजे एक इंच, आणि एक इंच म्हणजे खेळातले पाच फूट. त्यामुळे माणसाएवढ्या पात्राचा बेस, म्हणजे पायाखालची चकती, २५ मिमी, घोडा किंवा ओगरसारखा राक्षस असेल तर ५० मिमी, त्याहून मोठ्याला ७५ आणि सगळ्यात अजस्र प्राण्याला १०० मिमी. बेस २८ मिमीचा निघाला की फिगर शेजारच्या चौकटीत घुसते आणि खेळ चालवणारा डीएम पहिल्याच लढाईत वैतागतो. गिऱ्हाइकाला फोनवर समजावताना आम्ही दहा रुपयांचं नाणं काढायला सांगतो. ते २७ मिमीचं असतं, आमचा बेस त्याच्याहून जरासा लहान.

सुरुवातीला आम्ही बाहेरून आलेला तयार प्लास्टिकचा माल विकायचो. ते गणित जमेना. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ साली ७०. त्यावर अधिभार, जीएसटी आणि वाहतूक. शिवाय खोक्यात येईल तोच माल विकायचा. समोरचा मागतो ‘हाफ-ऑर्क बाई, एका हातात मशाल, दुसऱ्यात कुऱ्हाड’, आणि आपल्याकडे चौदा दाढीवाले जादूगार पडून. म्हणून रेझिन प्रिंटिंगकडे वळलो. रेझिन म्हणजे प्रकाशानं गोठणारं द्रव प्लास्टिक.

रेझिन प्रिंटरमध्ये तळाला पारदर्शक फिल्म लावलेला ट्रे असतो. त्यात द्रव रेझिन, खालच्या स्क्रीनमधून ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश. एकेक थर गोठतो आणि प्लेट वर उचलली जाते, फिगर उलटी टांगून वाढते. थराची जाडी ०.०५ मिमी. सपोर्ट म्हणजे फिगरला छपाईपुरते दिलेले आधाराचे खांब, त्यांच्यासकट उंची ४५ मिमी धरली तर ९०० थर, थराला सरासरी आठ सेकंद म्हणजे बरोबर दोन तास. यातली मेख अशी की प्लेटवर एक फिगर असो की नऊ, वेळ दोन तासच लागतो. म्हणून एकट्या फिगरची घाईची ऑर्डर आम्हाला परवडत नाही आणि ‘आज प्रिंट करून आजच पाठवा’ याला आम्ही सरळ नाही म्हणतो.

फिगर मागच्या बाजूला तीसेक अंश कलती ठेवायची आणि सपोर्ट पाठीला, झग्याच्या आतल्या बाजूला, बुटांच्या तळाला द्यायचे. चेहऱ्याला कधीच नाही, कारण सपोर्ट तोडला की तिथे तांदळाच्या कणीएवढा फोड उरतो. हनुवटी, कोपर, लोंबती तलवार यांचं खालचं टोक आधाराविना सुरू होत असेल तर तो थर फिल्मलाच चिकटून बसतो. वर फिगरला हात नाही आणि खाली ट्रेमध्ये गोठलेला हात. तो काढल्याशिवाय पुढची प्लेट लावली तर फिल्म फाटते आणि रेझिन थेट स्क्रीनवर. प्रत्येक फसलेल्या प्लेटनंतर रेझिन गाळायचं आणि फिल्मवर प्लास्टिकची पट्टी हलकेच फिरवून बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण कंटाळा याच कामाचा येतो.

नुसत्या साध्या रेझिनचे भाले काडेपेटीच्या काडीसारखे मोडतात. ८५० ग्रॅम साध्या रेझिनमध्ये १५० ग्रॅम टफ रेझिन मिसळलं की भाला वाकतो आणि परत सरळ होतो. टफ याहून जास्त घातलं तर डोळे, चिलखताच्या कड्या असले बारकावे मऊ पडतात.

आता कोकणातली खरी अडचण. रेझिनला २५ अंशांच्या वरची हवा मानवते, त्या बाबतीत आम्ही नशीबवान. जानेवारीतल्या थोड्या पहाटा सोडल्या तर हीटर लागत नाही. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि हवेत कायम दमटपणा. प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावी लागते. आधी वापरलेल्या द्रावणात तीन मिनिटं, मग स्वच्छ द्रावणात दोन. हे अल्कोहोल हवेतलं पाणी शोषून घेतं. जुलैमध्ये डब्याचं झाकण दिवसभर उघडं राहिलं तर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल ९९ टक्क्यांचं राहत नाही. दुसरं म्हणजे अल्कोहोल उडताना फिगरचा पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर दव धरतं. त्या ओलीवरच यूव्ही दिव्याखाली ठेवली की खाचाखोचांत पांढरी भुकटी बसते, मीठ लावल्यासारखी. गिऱ्हाइकाला वाटतं माल जुना आहे. उपाय साधा: पंख्याखाली अर्धा तास, पावसाळ्यात डीह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत पाऊण तास, बोटाला गार लागेनाशी झाली की मगच दिव्याखाली. तिथे प्रत्येक बाजूला दोन मिनिटं पुरे. जास्त ठेवली तर पिवळी आणि ठिसूळ.

पाण्यानं धुता येणारं रेझिन मिळतं आणि पाण्याला आपल्याकडे तोटा नाही, म्हणून तेही वापरून पाहिलं. पातळ भाग पावसाळ्यात ओल पिऊन तडकतात. बंद केलं. शिवाय धुतल्याचं पाणी कुठे टाकणार? आपल्याकडे न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडायची रीत. न गोठलेलं रेझिन पाण्यातल्या जिवांना विषारी असतं आणि परसात विहीर असते. द्रावण, मग ते पाणी असो की अल्कोहोल, पारदर्शक डब्यात उन्हात ठेवायचं, गाळ गोठून खाली बसला की गाळायचं. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा डबा यूव्ही दिव्यासमोर. गोठलेला गाळ घट्ट आणि कोरडा झाल्यावरच कचऱ्यात.

मोठ्या फिगरची वेगळी तऱ्हा. ड्रॅगन भरीव केला तर रेझिन फुकट जातं, म्हणून पोकळ करायचा, भिंत अडीच मिमी आणि कमीत कमी दोन भोकं, चार-चार मिमीची, एक प्लेटच्या बाजूला आणि एक विरुद्ध बाजूला. भोक एकच असेल तर आत द्रव रेझिन अडकतं. ते धुतलं जात नाही, गोठत नाही, आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या कपाटात ड्रॅगनच्या पोटाला चीर पडून चिकट थेंब गळतो. आता प्रत्येक पोकळ फिगरच्या आत सिरिंजनं अल्कोहोल मारतो आणि भोकातून बारीक यूव्ही दिवा घालून आतूनही गोठवतो.

किमतीबद्दल लोक विचारतात, ‘प्लास्टिकच तर आहे, अडीचशे कशाला?’ किलोला दोन हजार धरले तर सपोर्टसकट आठ ग्रॅमच्या फिगरचं रेझिन सोळा रुपयांचं. तेवढ्यावर बोलायचं तर अडीचशे ही लूटच. पण सपोर्ट कोमट पाण्यात मऊ करून काढणं, खुणा घासणं, धुणं, वाळवणं यात फिगरमागे सात-आठ मिनिटं माणसाचा हात लागतो, नवातली एक बाद होते, फिल्म, हातमोजे, अल्कोहोल आणि विजेचा इन्व्हर्टर वेगळाच. पावसात वीज गेली आणि प्रिंट मध्येच थांबली तर कमरेला एक आडवी रेघ उमटते. ती घासून जात नाही.

आणि परवाना. फिगरचं डिझाइन आमचं नसतं, ते डिजिटल शिल्पकारांचं. त्यांच्या साध्या सभासदत्वात फाइल मिळते, पण ती स्वतःच्या टेबलापुरती. विकायचं तर व्यापारी सभासदत्व घ्यावं लागतं, दरमहा पैसे भरून. सभासदत्व थांबवलं की बहुतेकांच्या अटीनुसार विक्रीही थांबवायची. म्हणून आमच्या यादीतून एखादी फिगर अचानक गायब होते, ती संपलेली नसते. कुणी फाइलच मागितली तर देत नाही, दुप्पट पैसे दिले तरी.

नावांचंही पथ्य आहे. जानेवारी २०२३ मध्ये हा खेळ काढणाऱ्या सध्याच्या कंपनीनं, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, खेळाचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. एल्फ, गॉब्लिन, ड्रॅगन ही नावं तर कुणाच्याच मालकीची नाहीत. पण ‘बिहोल्डर’ किंवा ‘माइंड फ्लेअर’ ही खास प्राण्यांची नावं कंपनीनं आपली म्हणून राखलेली आहेत, ती मालावर लावायची नाहीत. ‘हॉबिट’ही नाही, ‘हाफलिंग’ म्हणायचं. गिऱ्हाईक काय ते बरोबर ओळखतं. पाकिटावर १४ वर्षांवरील असा शिक्काही असतो आणि माल तसाच, मोठ्या छंदिष्टांसाठी म्हणूनच विकतो. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, आम्ही त्यात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर टोकदार भाला घेतलेली फिगर लहान मुलाच्या हाती जाऊही नये.

गिऱ्हाइकं तीन जातीची. पहिला खेळाडू, त्याला एकच फिगर हवी पण ती ‘त्याची’. त्याला आम्ही सहा प्रश्न विचारतो: वंश, पेशा, उजव्या हातात काय, डाव्या हातात काय, अंगावर चामडं की लोखंड, डोकं उघडं की शिरस्त्राण. ‘मस्त दिसायला हवा’ हे उत्तर चालत नाही. दुसरा डीएम. त्याला आठ गॉब्लिन हवेत, पण आठही एकाच पवित्र्यात नकोत, नाहीतर कुणाला किती जखमा झाल्या हे टेबलावर कळत नाही. त्याला चार पवित्र्यांचे दोन-दोन देतो आणि बेसच्या कडेला रंगाची पट्टी. तिसरा रंगवणारा. तो खेळत नसेलही. तो भिंगाखाली थराच्या रेघा शोधतो, त्याच्यासाठी ०.०३ मिमीवर प्रिंट आणि पैसे जास्त. फोटो मात्र तिघांनाही छापील फिगरचाच, करडा प्राइमर मारून, नाण्याशेजारी ठेवून काढलेला. संगणकावरचं चित्र दाखवून विकलं की परत येणारा माल वाढतो. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

प्राइमर स्प्रे कॅनचा वापरत नाही. दमट हवेत तो कणीदार बसतो, मॅट वार्निशवर तर पांढरट धुकं येतं आणि अख्खी रंगवलेली फिगर वाया जाते. एअरब्रशनं पाण्यातला ॲक्रिलिक प्राइमर, दोन पातळ हात.

रंगवलेल्या फिगर आम्ही सुरू केल्या त्या गणपतीच्या शाळांतल्या रंगकाम करणाऱ्यांमुळे. चतुर्थीनंतर त्यांचा हात मोकळा असतो, आणि डोळ्यांची आखणी करणारा हात कुठल्याही शिकवणीत मिळत नाही. तरी पहिल्या खेपेला घोळ झालाच. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. ३२ मिमीच्या फिगरचा डोळा अर्ध्या मिलिमीटरचा, भुवई आणि शिरस्त्राण यांच्यामध्ये गाडलेला. ब्रश आत घालताना आजूबाजूला लागणारच. म्हणून इथे उलटं: प्राइमरवर आधी डोळ्याची सबंध खाच पांढरी, पूर्ण पांढरी नको, किंचित हाडासारखी. मग वरून खाली एकच काळी उभी रेघ, ठिपका नाही. ठिपका दिला की पात्र दचकल्यासारखं दिसतं. त्यानंतर बाहेर सांडलेलं पांढरं-काळं त्वचेच्या रंगानं झाकत पापणी काढायची. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला ढकलली तर तिरळेपणा टळतो. ब्रश शून्य नंबरचा, पण टोकदार. तीन शून्यांच्या बारीक ब्रशवरचा रंग फिगरपर्यंत पोचेपर्यंत वाळतो. पोस्टर कलर इथे चालत नाही, खेळताना हाताच्या घामानं पुसला जातो.

पाठवताना फिगर बेसला धरून बसवायची, अंगाला नाही. आंब्याच्या पेटीतला पेंढा फळाला सगळीकडून दाबून धरतो, फिगरला तसं धरलं की तलवार जाते. आम्ही बेसखाली ५ बाय २ मिमीचं चुंबक चिकटवतो आणि खोक्याच्या तळाला पत्र्याची पट्टी. वरचा भाग मोकळा, खोका पाच थरांचा, आत प्लास्टिकची पिशवी, कारण पावसात पुठ्ठा वाटेतच मऊ होतो. तरी मोडलीच तर साधा सुपरग्लू पुरतो. प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट रेझिनला धरत नाही. भालेवाल्या फिगरसोबत एक जादा भाला आम्ही न मागता टाकतो.

पावसाळ्यात रंगवलेल्या फिगरच्या ऑर्डर घेतो, पण तारीख देताना हात आखडतो. आषाढापासून आमचे रंगकामवाले पुन्हा गणपतीच्या शाळेत. अनंत चतुर्दशीनंतरचे पंधरा दिवस सोडून पुढची तारीख मिळेल. बिनरंगाची फिगर हवी असेल तर आठ दिवसांत निघते.