आमची वाटचाल : हॉर्नच्या ऑइलपासून पुढे

गॅरेजला २०२४ साली २५ वर्षं पुरी झाली, तेव्हापासून धाकटी पोरगी मागे लागली होती, 'पप्पा, आमची वाटचाल लिहून द्या.' नमुना म्हणून चारजणांच्या वाटचाली वाचल्या. सगळीकडे लहानशा रोपट्याचा वटवृक्ष झालेला. आमचं रोपटं म्हणजे कोल्हापुरात उद्यमनगरातली पत्र्याची एक शेड, आणि वटवृक्ष म्हणजे तिला लागून घेतलेली पत्र्याची दुसरी शेड. मधला पत्रा काढला, ही आमची प्रगती.

त्याआधी सहा वर्षं मी वस्तादांकडे हेल्पर होतो. कोल्हापुरात तालमीतही वस्ताद असतो आणि गॅरेजातही. तालमीतला पाठीवर थाप देतो, गॅरेजातला पाना फेकून मारतो, एवढाच फरक. पहिल्या आठवड्यात वस्तादांनी मला पन्नासची नोट दिली आणि फर्मावलं, 'जा, हॉर्नचं ऑइल आण अर्धा लिटर.' हॉर्नला ऑइल लागतच नाही, नव्या पोराची गंमत करायची ही सगळ्या गॅरेजातली जुनी रीत. तीन दुकानदार पोट धरून हसले. चौथा हसला नाही. आत गेला, बाटली भरून आणली, चाळीस रुपये घेतले आणि वर सांगितलं, 'जपून वापरा, भारीतलं आहे.'

मी बाटली घेऊन आलो तेव्हा सगळं गॅरेज लोळायला लागलं. वस्तादांनी झाकण काढून वास घेतला. कुठल्यातरी इंजिनातलं काढलेलं जळकं तेल होतं. हसणं थांबवून एवढंच म्हणाले, 'ह्या दुकानातनं आपण कधी माल घ्यायचा नाही.' ती बाटली मी जपून ठेवलीय. ऑफिसात गणपतीच्या फोटोखाली आहे, गिऱ्हाईक विचारतात ही कसली.

१९९९ साली स्वतःचं सुरू केलं. तेव्हा कामं म्हणजे मारुती ८००, ओम्नी, एखादी पद्मिनी आणि मुख्य म्हणजे वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी भरून नेणाऱ्या, जीपा. वडापवाल्याचं गणित साधं : गाडी आज संध्याकाळी फेरीला उभी पाहिजे, पैसे पुढच्या बाजाराला. पार्ट कुठला घालायचा, ह्यावर त्याचं ठरलेलं वाक्य, 'काय बी घाला, पण चालली पाहिजे.' आम्ही घालायचो. दुकानदार पार्टमागे आम्हाला दहा-पंधरा टक्के सोडायचा, तेही घ्यायचो. आम्ही धुतल्या तांदळाचे होतो असं लिहिलं तर जुने गिऱ्हाईक येऊन हे पानच फाडतील.

२००४ साली मात्र चांगलीच अद्दल घडली. एका गुरुजींच्या ८०० ला पुढचे ब्रेक पॅड टाकले. खोकं कंपनीचं, होलोग्राम चमकतोय, आणि दुकानदाराने नेहमीपेक्षा ऐंशी रुपये कमी लावले म्हणून मी खूश. चार दिवसांनी गुरुजी कुटुंबाला घेऊन गगनबावड्याहून करूळ घाटातून खाली वैभववाडीकडे निघाले. निम्म्या घाटात जळका वास आला, पॅडल दगडासारखं कडक झालं आणि गाडी थांबेना. माणूस शहाणा, गिअर पाडत पाडत दुसऱ्यावर गाडी खाली नेली. परत आल्यावर खिशातून रुमालाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर सोडली. आत पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर होता, पोळीचा पापुद्रा सुटावा तसा लोखंडी पत्र्यापासून अख्खा सुटलेला. गुरुजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, 'तुमच्या बिलावर ओरिजनल लिहिलंय, म्हणून विचारायला आलो.'

पॅड, डिस्क, मजुरी, सगळं पदरचं घातलं. दुकानदाराने हात वर केले, 'मलापण वरनं असंच आलं.' वरनं म्हणजे कुठनं, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. डुप्लिकेट मालाला आई-बाप नसतात, नुसता 'वरनं' असतो.

त्या दिवसापासून आमचं पोतं सुरू झालं. सापडलेला खोटा पार्ट फेकायचा नाही, पोत्यात टाकायचा. आज अशी तीन पोती आहेत आणि खरं सांगायचं तर आमची जाहिरात तीच करतात. कुणी म्हटलं 'पलीकडे ऑइल फिल्टर निम्म्यात मिळतोय', की मी दोन फिल्टर करवतीने कापून पुढ्यात ठेवतो. खऱ्यात कागदाच्या घड्या दाट, सारख्या, साडीच्या निऱ्यांसारख्या. खोट्यात घड्या मोजक्या, त्याही डिंकाने कशातरी धरलेल्या. खऱ्यात तोंडाशी रबराची एक चकती असते, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरातलं तेल खाली उतरू नये म्हणून. खोट्यात ती नसतेच, नाहीतर प्लॅस्टिकसारखी कडक असते. मग सकाळी स्टार्टर मारल्यावर तेल वर पोचेपर्यंत इंजिन टकटक टकटक करतं, आणि मालक शेजाऱ्याला सांगतो, 'गाडी थंडीनं कुडकुडते.'

पोत्यातला माझा सगळ्यात लाडका नग म्हणजे एक एअर फिल्टर. त्याच्या खोक्यावर 'जेन्युइन'च्या स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षरच गायब आहे. हे पकडलं आमच्या हेल्परने, ज्याला दहावीला इंग्रजीत ३६ पडले होते. तेव्हापासून खोकी तपासायचं काम त्याच्याकडे.

खोक्यांचंही एक शास्त्र आहे. भंगारवाल्याला फुटकं खोकं दिलं तर रद्दीचा भाव, आणि झाकण-लेबलसकट धडका ऑइलचा कॅन दिला तर तोच माणूस 'दादा, अजून आहेत का?' म्हणून चहा पाजतो. रिकाम्या कॅनवर एवढी माया कशाला, हे समजायला डोकं लागत नाही. आमच्याकडे रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी एकजण स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो आणि दिवसाभराच्या कॅनना भोकं पाडतो. भंगारवाला आता आमच्याकडे चहा पाजत नाही, पितो.

एक गैरसमज मात्र काढायला पाहिजे. कार कंपनीच्या खोक्यात नाही म्हणजे डुप्लिकेट, असं नसतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेले पार्ट गाड्यांच्या कंपन्यांना जातात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पार्ट बनवणारा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खोक्यात तो बाजारात विकतो तेव्हा बऱ्याचदा स्वस्त पडतो, आणि तो मी बिनधास्त घालतो, फक्त बिलावर नाव तेच लिहितो. खोटा तो, जो दुसऱ्याचं नाव लावून येतो. कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पोत्यांचा आकार बघता कायदा आणि माल वेगवेगळ्या रस्त्याने येत असावेत.

आता आमच्या बिरादरीबद्दल. काही गॅरेजांत ड्रॉवरमध्ये एक झिजलेला पॅड कायमचा ठेवलेला असतो. गाडी कुठलीही येवो, थोड्या वेळाने तोच पॅड बाहेर येतो, 'बघा साहेब, काय अवस्था झालीय.' आमच्या एका गिऱ्हाइकाला दोन वर्षांत दोनदा तोच दाखवला, कोपऱ्यावरच्या हिरव्या रंगाच्या ठिपक्यावरून त्याने ओळखला. दुसऱ्या एकाच्या डिझेल गाडीचं बिल मी बघितलंय, त्यात चार स्पार्क प्लग बदलले होते. डिझेलला स्पार्क प्लग नसतो हो, पण बिलाला असतो.

तीन वर्षांपूर्वी एक भाजीवाला मारुतीची ईको व्हॅन घेऊन आला. कुठेतरी दोन दिवस सर्व्हिसला दिली होती. तक्रार काहीच नव्हती, उलट खूश होता : 'पिकअप वाढलाय, आवाज पण जरा बुलेटवानी येतोय, तुमी काय करत न्हाईसा असं.' गाडी पिटवर घेतली आणि सायलेन्सरवर हातोडीने टिचकी मारली. डब्यासारखा पोकळ वाजला. आतलं जाळीसारखं भांडं, धूर साफ करणारं, कुणीतरी सफाईने काढून घेऊन परत वेल्डिंग मारलं होतं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, म्हणून ईकोच्या सायलेन्सरवर चोरांचा डोळा असतो. हे सांगितल्यावर भाजीवाल्याने डोक्याला हात लावला. 'म्हंजे सोनं काढून घेतलं आन् वर मीच त्यास्नी दोनशे रुपये खुशी दिली?'

गिऱ्हाईकही काही कमी नाही. २०१७ ला जीएसटी आला, बऱ्याच पार्टना २८ टक्के लागले, आणि 'कच्च्यात करा की' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायला लागलं. कच्च्या बिलावर घेतलेला पार्ट फुटला की तोच माणूस पक्की वॉरंटी मागतो. आम्ही पक्क्याचा हट्ट धरला, त्यात चाळीसेक कायमची गिऱ्हाइकं गेली. त्यातली निम्मी परत आली, बहुतेक टो होऊन. २०२५ च्या सप्टेंबरात कर १८ वर आला, तेव्हा वाटलं होतं की वाक्य बंद होईल. झालं नाही.

आज आठजण कामाला आहेत. स्कॅनर आहे, दोन लिफ्ट आहेत. गुरुजी रिटायर झाले, त्यांची तिसरी गाडी आमच्याकडेच येते, आणि प्रत्येक वेळी पॅडचं खोकं ते स्वतः मागून घेतात, चष्मा लावून वाचतात, मग परत देतात. मला त्याचा राग येत नाही.

गेल्या महिन्यात नवीन पोरगा लागला, कागलचा. पोरांनी रीतीप्रमाणे त्याला हॉर्नचं ऑइल आणायला पाठवलं. मी बाहेर होतो, नाहीतर गणपतीखालची बाटली दाखवली असती. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला.

'मालक, दुकानदार विचारतोय, बीएस-सिक्सचं पाहिजे का जुन्या गाडीचं? सिक्सचं साडेतीनशेला हाय. बिल पाहिजे असलं तर अठरा टक्के वर.'