लास वेगासचं स्वस्त हॉटेल आणि माझे अडकलेले 600 डॉलर

आधीच सांगते, खोली वाईट नव्हती. जुनी होती, पडदे तपकिरी होते, हीटर सुरू झाला की ट्रक सुरू झाल्यासारखा आवाज यायचा, पण चादरी स्वच्छ होत्या आणि नळाला कढत पाणी होतं. माझा राग आहे तो काउंटरवरच्या पाऊण तासावर आणि त्यानंतरच्या 31 दिवसांवर. अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी आणि माझ्या मोठ्या नणंद, म्हणजे वन्सं, अशा दोघीच गेलो होतो. लॉस एंजेलिसला भाच्याकडे उतरलो होतो, तिथून बसने वेगास. वन्संच्या मैत्रिणीने बजावून सांगितलं होतं, 'ट्रॉपिकानातच राहा, स्वस्त आणि मोक्यावर.' ती गेली होती त्याला पंधरा वर्षं झाली. ते 1957 सालचं हॉटेल एप्रिल 2024 मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडलंसुद्धा. आता तिथे बेसबॉलचं स्टेडियम बांधतायत. म्हणजे जुन्या हॉटेलांबद्दल कुणी दहा वर्षांपूर्वीचा सल्ला दिला, तर ते हॉटेल जागेवर आहे का ते आधी बघावं. शेवटी स्ट्रिपवरचंच, म्हणजे मोठमोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरचंच, दुसरं एक जुनं कॅसिनो हॉटेल मिळालं. त्याचं नाव घेत नाही, तसा अनुभव कुठेही येऊ शकतो.

दर कमी मिळाला तो तारखांमुळे. डिसेंबर 2025 चा मध्य, सोमवार ते गुरुवार. नोव्हेंबरात तिथे फॉर्म्युला वन असते, डिसेंबरच्या सुरुवातीला रोडिओवाले (बैल-घोड्यांवर बसायच्या स्पर्धांचे लोक) येतात, जानेवारीत सीईएसचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन. या सगळ्यांच्या मध्ये नाताळच्या आधी आठवडाभर गाव जरा रिकामं असतं. शुक्रवार-शनिवार मात्र चुकूनही धरू नका, तीच खोली तिप्पट होते.

आमच्या खोलीचं भाडं रात्रीला 29 डॉलर होतं. हे ऐकून घरी सगळे खूश. त्यावर रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्याशिवाय हॉटेल घेतं ती सक्तीची रक्कम, 44 डॉलर. दोन्हींवर मिळून 13 टक्क्यांहून थोडा जास्त कर. असं करत करत रात्र 83 डॉलरला पडली. या फीबद्दल लोक फार चिडतात, पण मला तिचा धक्का बसला नाही, कारण मे 2025 पासून तिकडे नियमच आला आहे की कर सोडून बाकीची सक्तीची रक्कम धरून एकूण दर आधी दाखवायचा. फी घेऊ नका असं तो नियम म्हणत नाही, फक्त लपवू नका म्हणतो. बुकिंगच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: एवढे आत्ता भरा, एवढे हॉटेलवर भरा. आत्ताचे साधारण 100 मी भरले, हॉटेलवरचे 150 बाजूला ठेवले. हिशेब चोख.

चोख कसला. डिपॉझिट राहिलं.

डिपॉझिट म्हणजे तुम्ही खोलीत काही मोडलं, काही मागवलं, तर असावं म्हणून हॉटेल तुमच्या कार्डावर अडकवून ठेवतं ती रक्कम. पैसे कापले जात नाहीत, नुसते धरून ठेवतात, त्याला 'होल्ड' म्हणतात. एकूण दरात ते धरत नाहीत, कारण ते परत मिळणार असतं. आमच्याकडे ते रात्रीला 50, म्हणजे 150 झालं. फीचे 150 आणि हे 150 असा एकदम 300 चा होल्ड. अटींमध्ये ते लिहिलेलं होतं, अगदी खाली, पाळीव प्राण्यांच्या नियमांनंतर. आमच्याकडे पाळीव प्राणी नव्हता, म्हणून मी तिथपर्यंत वाचलंच नाही.

आता माझी चूक ऐका. बसमध्ये वायफाय होतं. हॉटेलचा मेल आला, 'रांग टाळा, फोनवरूनच चेक-इन करा.' मला रांगेचा तिटकारा. लगेच माझ्या फोरेक्स कार्डाचा (आधीच डॉलर भरून घेतलेल्या कार्डाचा) नंबर भरला. पुढे पत्त्याचा पिनकोड मागितला, आणि तो चौकोन पाचाच्या वर आकडे घेईना. आपला पिनकोड सहा आकडी. शेवटचा आकडा गाळला, नाही चाललं. पाच शून्यं टाकली, चाक फिरलं आणि 'पत्ता जुळत नाही, हॉटेलवर या' असं आलं. मी म्हटलं, बरं.

हॉटेलात पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन. काउंटरपुढे दोऱ्या बांधून नागमोडी रांग, तिच्यात निदान साठ माणसं आणि त्यांच्या बॅगा, आणि काउंटरवर तीन मुली. बाजूला मात्र आठ-दहा किऑस्क, म्हणजे आपलं आपण चेक-इन करायची यंत्रं, मोकळे उभे. मी वन्संना सामानापाशी बसवलं आणि किऑस्क गाठला. बुकिंग नंबर टाकला, कार्ड खुपसलं, त्याने ते घेतलं, 'धन्यवाद' म्हणाला. मग पासपोर्ट मागितला. तीनदा ठेवला, पालथा ठेवला, पुसून ठेवला. पासपोर्टवर माझ्या नावाच्या मागोमाग वडिलांचं नाव आहे, बुकिंगवर नाही. त्याला ते पटेना. 'कृपया काउंटरवर जा.'

रांगेत शेवटी.

त्या रांगेतला गालिचा मला आयुष्यभर आठवेल. लाल, वर सोनेरी वेलबुट्ट्या, आणि एका जागी सिगारेटने जळून पडलेलं नाण्याएवढं भोक. मी त्या भोकापाशी सात मिनिटं उभी होते. डावीकडे मशीनं किणकिणतायत, धूर येतोय (कॅसिनोत अजूनही बहुतेक ठिकाणी ओढायला परवानगी आहे, ज्यांना दमा आहे त्यांनी आधी चौकशी करा), भिंतीवर घड्याळ नाही. आमचा नंबर आला तेव्हा सव्वाचार झाले होते.

काउंटरवरची मुलगी गोड होती. पासपोर्ट तिला एका नजरेत कळला. कार्ड लावलं आणि म्हणाली, 'नाकारलं.' मी म्हटलं, शक्यच नाही, त्यात 740 डॉलर आहेत. तिने पुन्हा लावलं. नाकारलं. मागचा माणूस घसा खाकरतोय. माझे कान गरम झाले. वन्सं शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाल्या, 'काय गं, पैसे संपले?'

संपले नव्हते. बँकेने एकदा फोनवरच्या चेक-इनला 300 धरले होते आणि एकदा किऑस्कला 300. पत्ता जुळला नाही म्हणून हॉटेलच्या यंत्राने नको म्हटलं, पण तोवर बँक हो म्हणून बसली होती. किऑस्कवरही तेच, कार्डाचं काम आधी उरकलं आणि ओळखीवर अडलं. दोन्ही वेळा चेक-इन झालं नाही, पैसे मात्र अडकले. उरले 140, आणि मुलगी मागत होती 300. मला यातलं त्या क्षणी काहीच कळत नव्हतं, कारण बँकेचे एसएमएस येत होते माझ्या भारतातल्या नंबरवर आणि रोमिंग मी पैसे वाचवायला बंद ठेवलं होतं!

सोडवलं वन्संनी. त्यांच्याकडे मुलाच्या खात्यावरचं ॲड-ऑन क्रेडिट कार्ड होतं, त्यांच्या स्वतःच्या नावाचं. 'अडीनडीला असू दे' म्हणून त्याने दिलेलं, वर्षभरात एकदाही न वापरलेलं. ते कमरेच्या पिशवीतून, रुमालातून, प्लॅस्टिकच्या पाकिटातून निघालं. मुलीने त्यांचं नाव बुकिंगला जोडलं, त्यांचा पासपोर्ट घेतला, आणि चार मिनिटांत किल्ल्या हातात. वन्संनी लिफ्टमध्ये एवढंच विचारलं, 'मग ते तुझं डॉलरचं कार्ड कशाला घेतलं होतं?' उत्तर नव्हतं.

तर, डिपॉझिटला क्रेडिट कार्डच द्या. प्रीपेड फोरेक्स किंवा डेबिटवर खरे पैसे अडकतात, क्रेडिटवर फक्त मर्यादा अडकते. निघताना बिल दुसऱ्या कार्डाने किंवा रोखीने भरता येतं का ते विचारा. आणि एकदा कुठेही कार्ड अडलं की दुसऱ्या यंत्रावर तेच कार्ड घालू नका, आधी शिल्लक बघा. क्रेडिट कार्ड नसेलच तर जाण्याआधी हॉटेलला विचारा, काही जुनी हॉटेलं रोख डिपॉझिट घेतात, बरीच घेत नाहीत.

खोलीत फ्रिज नाही, किटली नाही, चहाची पुडीही नाही. जुन्या हॉटेलांत हे असंच. खाली चहाला माणशी पाच-सहा डॉलर मोजण्यापेक्षा छोटी प्रवासी किटली न्या, मात्र ती 110 व्होल्टवर चालणारी हवी, आपली 220 ची नेली तर पाणी नुसतं कोमट होतं. फ्रिजची सोय वन्संनी केली. मजल्यावर बर्फाचं मशीन होतं. खोलीतल्या बर्फाच्या बादलीत दूध आणि दह्याचे डबे, वर बर्फ, आणि बादली बेसिनमध्ये. संध्याकाळी एकदा बर्फ बदलायचा. तीन दिवस दूध नासलं नाही. दूध-दही स्ट्रिपवरच्या औषधांच्या दुकानातून आणायचं, हॉटेलच्या दुकानातून नाही. पाण्याच्या एका बाटलीत दोन्हीकडचा फरक कळतो.

रिसॉर्ट फीत काय काय मिळतं त्याचा कागद टेबलावर होता. वायफाय, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, लोकल आणि टोल-फ्री फोन. तलाव थंडीमुळे बंद. व्यायामशाळेत आम्ही गेलो नाही. आणि लोकल फोन करायला वेगासमध्ये आमचं होतं कोण? पण तोच फोन कामाला आला. फोरेक्स कार्डाच्या मागे अमेरिकेतला टोल-फ्री नंबर होता. खोलीतल्या त्या पिवळट रिसीव्हरवरून मी बँकेशी तीन दिवसांत चार वेळा बोलले, एकदा तर 52 मिनिटं, त्यातली चाळीस नुसतं संगीत. 132 डॉलर फी भरून मी हे एवढं वसूल केलं.

बँक म्हणाली, हॉटेलने होल्ड सोडला पाहिजे. काउंटरवर गेले तर म्हणाले, आमच्याकडे तुमच्या कार्डाचं काहीच नाही, चेक-इन दुसऱ्या कार्डावर झालंय, बँक सोडेल. दोघांचंही बरोबर, आणि पैसे माझे. शेवटी बँकेतल्या एका शहाण्या बाईंनी सांगितलं की हॉटेलच्या लेटरहेडवर पत्र हवं: रक्कम, तारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि ऑथरायझेशन कोड. हा कोड बँकच तुम्हाला सांगू शकते, प्रत्येक होल्डचा वेगळा असतो. दोन्ही कोड घेऊन मी पुन्हा खाली. तिथल्या मॅनेजरनी लिहून घेतले आणि हिशेब विभागाकडे पाठवते म्हणाल्या. पत्र आलं आम्ही निघाल्यावर सहा दिवसांनी, आणि त्यात कोड एकाच होल्डचा. तो 300 एकोणिसाव्या दिवशी सुटला. दुसरा मुदत संपून आपोआप, 31 व्या दिवशी. तेव्हा मी घरी परतले होते, डॉलर परत रुपयात करून घ्यावे लागले, आणि घेतानाच्या दरापेक्षा देतानाचा दर कमी. ते हॉटेलच्या बिलात कुठे दिसत नाही.

बाकी सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्याचं काय लिहू. ड्यूस नावाची दुमजली बस स्ट्रिपवरून चोवीस तास धावते, दिवसभराचा पास आम्हाला 8 डॉलरला पडला, तीच जुन्या गावात फ्रीमाँट स्ट्रीटला नेते. बेलाजिओची कारंजी फुकट, फ्लेमिंगोतले खरे फ्लेमिंगो फुकट. शेजारचं हॉटेल शेजारी दिसतं पण चालायला वीस मिनिटं लागतात, कारण रस्ता ओलांडायला जिना चढून पूल आणि पूल उतरला की पुन्हा कॅसिनो. वन्संच्या गुडघ्यांसाठी आम्ही सरकते जिने कुठे आहेत ते पाठ केले.

मुलं बरोबर असतील तर लक्षात ठेवा, 21 च्या खालच्यांना मशीनपाशी रेंगाळू देत नाहीत, आणि बऱ्याच हॉटेलांत खोली घेणाराही 21 चा लागतो. खोली मागताना लिफ्टपासून लांबची मागा. आणि जुन्या हॉटेलात दोन-तीन इमारती असतात, नूतनीकरण झालेली कोणती ते बुकिंगआधी बघा; मागची बैठी इमारत स्वस्त, पण तिथून कुठेही जायला सामान ओढत पार्किंग ओलांडावं लागतं.

जुगार? मी नाही. वन्संनी शेवटच्या सकाळी एक डॉलर घातला, एकच. बटण दाबलं, सगळे दिवे पेटले आणि मशीनमधून चिठ्ठी आली, 11 डॉलर 40 सेंट. चिठ्ठी दुसऱ्या यंत्रात घातली की पैसे मिळतात. त्या यंत्रापाशी मी त्यांना घेऊन गेले, ते बघून त्या थबकल्या. 'हे पण आधी घेईल आणि मग काउंटरवर जा म्हणेल,' म्हणाल्या, आणि चिठ्ठी घेऊन थेट कॅशियरच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे रांग नव्हती.