चलाचा लोप: बिलांच्या वहीतून शिकलेलं बीजगणित

दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण आहे ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या माझ्यासारखीचा कस तिथेच लागतो. नववीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, आणि बीजगणिताचा संबंधच संपला. पुन्हा पुस्तक हातात घेतलं तेव्हा घरातल्या सगळ्यांचा सल्ला एकच होता, रीत पाठ कर आणि गुण मिळव. मला ते पटत नव्हतं. ४० गुणांच्या पेपरात हे प्रकरण टाळून चालत नाही, आणि पाठ केलेली रीत शाब्दिक उदाहरण आलं की साथ सोडते.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठाला. घरातून काजूगर, आमसूल, आंबापोळी, फणसपोळी असा माल मुंबईला जातो. हिशेब माझ्याकडेच. म्हणजे बेरीज-वजाबाकी रोजची होती, अडत होतं ते क्ष आणि य यांच्यापाशी. (पुस्तकात हल्ली इंग्रजी अक्षरं असतात. आमच्या बाई जुन्या वळणाच्या, त्या क्ष आणि य लिहितात, म्हणून मीही तसंच लिहिते.)

वाडीतल्या मुलांनी रीत दाखवली ती अशी: दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिही, खालच्या ओळीची चिन्हं बदल, रेघ मार, एक चल (म्हणजे क्ष किंवा य सारखी अज्ञात राशी) उडतं, यालाच चलाचा लोप म्हणतात. उडतं खरं. पण मला कळेना की ही दोन वेगळी समीकरणं एकमेकांतून वजा करायची मुभा कुणी दिली? एक समीकरण एका गोष्टीचं, दुसरं दुसऱ्या गोष्टीचं. मुलं म्हणायची, “काकी, तसंच असतं ते.” तसंच असतं म्हणून मला पुढे जाता येईना.

बाई निवृत्त शिक्षिका, आमच्या वरच्या अंगाला राहतात. त्यांच्याकडे गेले तर त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, “तुझी बिलांची वही आण.” वही चाळून त्यांनी दोन बिलं काढली. लालबागच्या गिऱ्हाइकाचं २ किलो काजूगर आणि ३ किलो आमसूल, एकूण २,७०० रुपये. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाचं २ किलो काजूगर आणि ५ किलो आमसूल, एकूण ३,३०० रुपये. दराच्या रकान्यावर त्यांनी पट्टी ठेवली.

“दर तुला माहीत नाहीत असं समज. आमसूल काय भावानं दिलंस?”

मी म्हटलं, यात काय अवघड? काजूगर दोघांनाही सारखेच. डोंबिवलीला आमसूल २ किलो जास्त, पैसे ६०० जास्त. म्हणजे ३०० रुपये किलो. आणि मग लालबागच्या बिलात आमसुलाचे झाले ९००, उरले १,८००, म्हणजे काजूगर ९०० रुपये किलो.

“मग काजूगराचा लोप कुणी केला गं?” बाई म्हणाल्या.

माझा सगळा प्रश्न तिथे सुटला. बिल खरं असेल तर डावीकडचा माल आणि उजवीकडचे पैसे एकाच किमतीचे असतात. दोन बिलं खरी असतील तर त्यांच्यातला मालाचा फरक आणि पैशांचा फरक हेही एकाच किमतीचे असणार. समानातून समान काढलं की उरतं तेही समान. मुभा कुणी द्यायची गरजच नाही, समीकरण या शब्दातच ती आहे. मुलांनी दाखवलेली रेघ आणि बदललेली चिन्हं ही फक्त या वजाबाकीची लिहायची तऱ्हा.

त्या दिवशी मी वहीत काजूगरासाठी ‘का’ आणि आमसुलासाठी ‘आ’ लिहून समीकरणं मांडली: २का + ३आ = २,७००. मला वाटलं बाई हे खोडतील. उलट त्या खूश झाल्या. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं दिली आहेत आणि गणित मांडताना त्यांची पहिली अक्षरं घेतली आहेत: या, का, नी, पी. पहिलं नाव सोडलं तर बाकीची सगळी रंगांची. म्हणजे अक्षर कुठलंही चालतं, फक्त ते कशाच्या जागी आहे हे आधी लिहून ठेवायचं. शाब्दिक उदाहरणात मी आजही पहिली ओळ हीच लिहिते: “समजा, अमुक गोष्टीची किंमत क्ष.”

सहगुणक, म्हणजे चलाच्या आधीच्या संख्या, सारख्या नसतील तेव्हाचं काम याच्या पुढचं. उदाहरणार्थ,

६क्ष + ५य = २८
४क्ष − ३य = ६

इथे क्ष चे सहगुणक ६ आणि ४. बाई पुन्हा बिलावरच आल्या. लालबागवाल्याने तीच ऑर्डर दुप्पट दिली तर माल दुप्पट आणि पैसेही दुप्पट, दर तोच. म्हणून अख्ख्या समीकरणाला हव्या त्या संख्येने गुणता येतं, मात्र एकही पद न सोडता, उजव्या बाजूसह. ६ आणि ४ यांचा लसावि १२. पहिल्याला २ ने गुणलं की १२क्ष + १०य = ५६. दुसऱ्याला ३ ने गुणलं की १२क्ष − ९य = १८. वजाबाकी केली की १९य = ३८, य = २, आणि मग ६क्ष = १८, क्ष = ३. ६ ला ४ ने आणि ४ ला ६ ने गुणून २४ केले तरी उत्तर तेच येतं, पण आकडे उगाच फुगतात. पेपर दोन तासांचा असतो, आकडे लहान ठेवलेले बरे.

या उदाहरणातली अवघड जागा एकच: १०य मधून −९य वजा करणं. १०य − (−९य) म्हणजे १९य. ही जागा नीट दिसावी म्हणून मी कंस घालूनच लिहायला शिकले. शिवाय बाईंनी एक सवय लावली. कोणत्या चलाचा लोप करायचा ते ठरवण्याआधी चिन्हं बघायची. एका चलाची चिन्हं विरुद्ध असतील तर त्याचाच लोप करायचा, कारण मग बेरीज करावी लागते आणि चिन्हं बदलायचा प्रश्नच येत नाही. वरच्याच उदाहरणात पहिल्याला ३ ने आणि दुसऱ्याला ५ ने गुणा: १८क्ष + १५य = ८४, २०क्ष − १५य = ३०. बेरीज ३८क्ष = ११४, क्ष = ३. किती स्वच्छ! दोन्ही किमती मिळाल्या की ताळा पाहायचा, आणि तो दोन्ही समीकरणांत.

काही उदाहरणं भीती घालायलाच दिलेली असतात असं वाटतं, पण तीच सर्वांत सुंदर. ४७क्ष + ५३य = २५३ आणि ५३क्ष + ४७य = २४७. इथे गुणाकार करत बसायचं नाही. सहगुणकांची अदलाबदल झालेली दिसली की सरळ बेरीज: १००क्ष + १००य = ५००, म्हणजे क्ष + य = ५. मग पहिल्यातून दुसरं वजा: −६क्ष + ६य = ६, म्हणजे य − क्ष = १. य = ३, क्ष = २. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चुलीवरचं दूध विसरून पुन्हा पुन्हा तेच उदाहरण सोडवत होते.

होडीच्या उदाहरणावर आमच्या घरात बराच वेळ चर्चा झाली. एक होडी प्रवाहाच्या दिशेने २४ किलोमीटर २ तासांत जाते आणि प्रवाहाच्या विरुद्ध तेवढंच अंतर ३ तासांत, तर होडीचा संथ पाण्यातला वेग आणि प्रवाहाचा वेग काढा. क्ष + य = १२, क्ष − य = ८. बेरीज २क्ष = २०. होडी ताशी १० किलोमीटर, पाणी ताशी २ किलोमीटर. मी हे मोठ्याने वाचत होते आणि सासरे ओटीवर बसून ऐकत होते. त्यांचं आयुष्य खाडीत गेलेलं.

“पाणी चढतं होतं की उतरतं?” त्यांनी विचारलं.

पुस्तकातली नदी एकाच दिशेला वाहते. आमच्या खाडीत साधारण सहा तासांनी पाणी फिरतं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. मधेच पाणी फिरलं तर य चं चिन्हच बदलतं आणि दोन्ही समीकरणांतला य एकच आहे असं म्हणता येत नाही. आम्ही दोघांनी हिशेब केला. जायचे दोन आणि यायचे तीन मिळून पाच तास, एका ओहोटीत बसतात. तरी सासऱ्यांचं समाधान झालं नाही. ओहोटीला सुरुवातीला पाणी हळू, मधे जोरात ओढतं, शेवटी पुन्हा मंद होतं, मग ताशी २ किलोमीटर कुठल्या वेळचे? बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आबांचं बरोबर आहे. म्हणून प्रवाहाचा वेग स्थिर आहे असं गृहीत धरायचं असतं, आणि ते गृहीत धरलंय हे आपल्याला माहीत असायला हवं.” मला हे फार मोलाचं वाटलं. लोप करायचा तर दोन्ही ओळींतलं अक्षर खरोखर एकाच गोष्टीचं असायला हवं. दोन बिलांमध्ये काजूगराचा दर बदलला असता तर माझीही वजाबाकी चालली नसती.

भातकापणी आटोपल्यावर बाईंनी अभ्यासक्रमाबाहेरचं एक उदाहरण दिलं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी गणितातलं. धान्याच्या तीन प्रतींच्या पेंढ्या. उत्तम ३, मध्यम २ आणि कनिष्ठ १ झोडली की ३९ मापं धान्य निघतं. उत्तम २, मध्यम ३, कनिष्ठ १ असेल तर ३४. उत्तम १, मध्यम २, कनिष्ठ ३ असेल तर २६. एकेका पेंढीत किती? आधी कनिष्ठाचा लोप करून दोन समीकरणं आणली: पहिल्यातून दुसरं वजा केलं की उत्तम − मध्यम = ५. पहिल्याच्या तिपटीतून तिसरं वजा केलं की ८ उत्तम + ४ मध्यम = ९१. पुढे नेहमीची वाट. उत्तम सव्वानऊ, मध्यम सव्वाचार, कनिष्ठ पावणेतीन. ती माणसं हे गणित पाटावर काड्या मांडून करायची. आज या रीतीला ज्याचं नाव जोडलं जातं तो जर्मन गणिती गाउस १७७७ साली जन्मला.

कधी कधी एका चलाचा लोप करायला जावं तर दोन्ही चलं जातात. २क्ष + ३य = १२ आणि ४क्ष + ६य = २४. पहिल्याला २ ने गुणून वजा केलं की ० = ०. वहीच्या भाषेत, गिऱ्हाइकाने तीच ऑर्डर दुप्पट दिली, दुसऱ्या बिलाने नवीन काहीच सांगितलं नाही, म्हणून दर ठरत नाही, उत्तरं अनंत. आणि दुसऱ्याच्या उजवीकडे २४ ऐवजी ३० असतील तर? ० = ६. माल बरोबर दुप्पट, पैसे दुपटीहून जास्त. एकाच दराने अशी दोन बिलं होऊच शकत नाहीत, म्हणून उत्तर नाही. आलेख काढला तर पहिल्या वेळी दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात, दुसऱ्या वेळी समांतर जातात.

पुढे याच प्रकरणात क्रेमरची रीत येते, स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएल क्रेमर (१७०४–१७५२) यांची. निश्चयक (संख्यांच्या दोन-दोन ओळींच्या चौकटी) मांडायचे, तिरपे गुणाकार करून त्यांची वजाबाकी, भागाकार, झालं उत्तर. अनेक जण म्हणतात, क्रेमर येत असेल तर लोप कशाला हवा? मी ५क्ष + ३य = ३१ आणि २क्ष − ७य = −४ हे उदाहरण दोन्ही रीतींनी शेजारी शेजारी सोडवलं. लोप करताना आलं ४१क्ष = २०५ आणि ४१य = ८२. क्रेमरने निश्चयक आले −४१, −२०५ आणि −८२. तेच आकडे! चिन्ह तिन्हींचं बदललेलं, म्हणून भागाकारात फरक नाही: क्ष = ५, य = २. निश्चयकाचे ते तिरपे गुणाकार म्हणजे आपण लोपासाठी केलेले गुणाकारच, फक्त मधल्या ओळी गाळलेल्या. मग मी दुप्पट ऑर्डरच्या बिलांचा निश्चयक काढून पाहिला. २ × ६ − ४ × ३, म्हणजे शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. ते पान घेऊन मी तडक बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही बाजू ताडून पाहिल्या, खाली लाल शाईने सही केली आणि वर्गसमीकरणांचं प्रकरण उघडायला सांगितलं.